आमचे हे रोज रात्री ‘माझं प्रेम नाही’ लावतात

सप्रेम नमस्कार,

मी नाशिकला राहते, वय ५६. शाळेत मराठी शिकवत होते. आमचे हे अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेत. लग्नाला ३१ वर्षं झाली. मुलगी पुण्याला नोकरीला आहे.

ह्यांच्याकडे कॉलेजच्या दिवसांतली इंग्रजी गाण्यांची एक कॅसेट होती, मुंबईला होस्टेलवर कुणीतरी भरून दिलेली. त्यातलं एक गाणं ह्यांचं फार लाडकं. खूप माणसं एकदम ‘आ’ लावून बसलीत असा आवाज, आणि त्यावर एक जण हळू आवाजात काहीतरी सांगतोय. लग्न झाल्यापासून मी ते ऐकतेय. मलाही आवडायचं, पण शब्दांकडे कधी लक्ष दिलं नाही. माझं इंग्रजी बेताचंच. असेल काहीतरी प्रेमाचं, असं समजून मी मनातल्या मनात ते ‘आमचं’ गाणं धरून चालले होते.

दिवाळीत मुलीने स्पीकर आणला आणि टीव्हीवर यूट्यूब कसं लावायचं ते शिकवून गेली. आता जेवणं झाली, ओटा आवरला, की हे रोज ते गाणं लावतात. पडद्यावर शब्दही येतात. परवा मी ते पहिल्यांदा नीट वाचले. तो माणूस म्हणतोय, माझं तुझ्यावर प्रेम नाही! तुझा फोटो भिंतीवर लावलाय तो डाग झाकायला. मी फोन केला तर त्याचा गाजावाजा करू नकोस, मैत्रिणींना सांगू नकोस. मला काही सुचेनासं झालं.

ह्यांनी ३१ वर्षांत एकदाही तोंडाने ‘तू मला आवडतेस’ म्हटलेलं नाही. माणूस वाईट नाही हो. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन रात्री हॉस्पिटलच्या बाकावर झोपले. पण म्हटलं नाही ते नाहीच. आता रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. हे गाणं माझ्यासाठी, की कॉलेजातल्या कुणासाठी? असलं गाणं माणसाला एवढं का आवडावं? आणि या वयात हे विचारायला जाणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं नाही का? मुलगी म्हणते, आई, लिफ्टमध्ये वाजतं तसलं गाणं आहे ते, सोड ना. तुम्हीच सांगा.

एक वाचक, नाशिक

ताई, नमस्कार.

गाणं लगेच ओळखलं. ‘आय ॲम नॉट इन लव्ह’, इंग्लंडच्या टेन सीसी या बँडचं, १९७५ सालचं. त्या वर्षी जूनमध्ये ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर पोचलं. अमेरिकेत मात्र तीन आठवडे दुसऱ्या क्रमांकावरच राहिलं, आणि त्या तिन्ही आठवड्यांत पहिल्या क्रमांकावर दर वेळी वेगळं गाणं होतं. बाकीचे येऊन वर बसून गेले, हे आपलं एक पायरी खाली मुकाट उभं. तुमच्या घरातल्या माणसाला असलंच गाणं आवडायचं.

आधी तुमच्या झोपेचं बघू. गाण्यातला तो माणूस खोटं बोलतोय. तुमचं मन राखायला म्हणत नाहीये, गाणं रचलंयच तसं. शब्द पुन्हा वाचा, पण गृहपाठ न केलेल्या पोराची सबब ऐकायचात त्या कानाने. ज्याची वही खरंच घरी राहिलेली असते तो एका वाक्यात सांगून बसतो. ज्याने काही लिहिलेलंच नसतं तो न विचारता चार कारणं देतो. हा गडीही तसाच. प्रेम नाही म्हणाला, तिथे थांबायला काय हरकत होती? पण लगेच पुढे, हे आपलं एक खूळ आहे, जाईल. मग म्हणतो, तुला भेटायला आवडेल, पण त्यावरून काही समजू नकोस. म्हणजे भेटायचंय. फोन केला तर बोभाटा नको. म्हणजे फोन करणार आहे. फोटो कशाला, तर डाग झाकायला. अहो, डाग झाकायला कॅलेंडर चालतं की! आणि त्यावर कडी म्हणजे तो फोटो परत मागू नकोस, असंही बजावतो. इथे पठ्ठ्या पुरता सापडला. डाग झाकण्यापुरत्या फोटोसाठी कोणी एवढं हट्टाला पेटत नाही.

असलं गाणं का आवडावं, असं तुम्ही विचारलंत. एक कारण हेच. एरवीच्या प्रेमगीतात गाणारा सांगतो आणि आपण मान डोलावतो. इथे गाणाऱ्याला स्वतःबद्दल जे कळलेलं नाही, किंवा कळूनही कबूल करवत नाही, ते ऐकणाऱ्याला पहिल्या कडव्यातच कळतं. तो ‘नाही, नाही’ म्हणत राहतो आणि आपण मनात म्हणतो, कळलं रे बाबा. गाण्यातल्या माणसाहून आपण चार पावलं पुढे असतो, आणि तरी त्याच्यावर हसावंसं वाटत नाही, कारण असं आपणही कधीतरी वागलेलो असतो.

हे गाणं जन्माला कसं आलं ते ऐकलंत तर तुम्हाला जरा बरं वाटेल. ते लिहिलं एरिक स्टुअर्ट आणि ग्रॅहम गूल्डमन या दोघांनी. तुम्हाला ऐकू येतो तो आवाज स्टुअर्टचा. त्याचं लग्न होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, बायकोचं नाव ग्लोरिया. स्टुअर्टने पुढे मुलाखतींमध्ये सांगितलंय की ती एकदा त्याला म्हणाली, ‘प्रेम आहे’ असं तू मला जरा जास्त वेळा का म्हणत नाहीस? त्यावर ह्या गृहस्थाचं म्हणणं, सारखं म्हणत राहिलं तर त्याला काही अर्थ उरणार नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. तेच तीन शब्द न वापरता तीच गोष्ट सांगायची कशी, या विचारात त्याने थेट उलटं टोक धरलं. म्हणे प्रेम नाही, आणि नाही याचे हे पुरावे. भिंतीवरचा फोटोसुद्धा खरा होता. आईवडिलांच्या घरी त्याच्या खोलीतल्या भिंतीला गेलेला तडा झाकायला त्याने फोटो लावलेला, आणि तो फोटो ग्लोरियाचा. गाण्यात तड्याचा डाग झाला, एवढंच. म्हणजे ज्या ओळीने तुमची झोप उडाली ती त्याने स्वतःच्या बायकोवरूनच उचलली होती.

आता दुसरं कारण, आणि माझ्या मते तेच मोठं. पत्रात तुम्ही शब्दांच्या आधी त्या ‘आ’बद्दल लिहिलंत. मराठीच्या बाई असून सुराकडे आधी गेलात! ते बरोबरच आहे. त्या ‘आ’ची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, आणि तुमच्या ह्यांच्याशी बोलताना ती तुम्हाला उपयोगी पडणार आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्ट नावाचं गाव आहे. तिथल्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत हे लोक काम करायचे. चौघांचा बँड: स्टुअर्ट, गूल्डमन, केव्हिन गॉडली आणि लॉल क्रीम. गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड केलं ते बोसा नोव्हाच्या ठेक्यावर, म्हणजे ब्राझीलकडचा तो हलका, झुलता ताल. कुणालाच पटलं नाही. ड्रम वाजवणाऱ्या गॉडलीला तर ते मुळीच आवडलं नव्हतं. टेप सरळ पुसून टाकली आणि सगळे पुढच्या गाण्याला लागले. पण स्टुडिओत काम करणारी माणसं ती चाल गुणगुणतच राहिली. खिडक्या पुसायला येणारा माणूससुद्धा तीच शीळ घालत होता. तेव्हा गाणं पुन्हा काढलं, आणि ज्याला ते सगळ्यात नापसंत होतं त्या गॉडलीनेच तोडगा सुचवला: वाद्यं जवळजवळ काढूनच टाकू, सगळं माणसांच्या आवाजावर उभं करू. चौघांच्या बँडकडे एवढी माणसं कुठून येणार? त्यावर क्रीमने टेपच्या वळ्यांची युक्ती काढली.

म्हणजे असं. गूल्डमन, गॉडली आणि क्रीम माइकभोवती उभे राहायचे आणि एकच स्वर ‘आ’ म्हणून जमेल तितका लांबवायचे. तोच स्वर पुन्हा, पुन्हा, असा १६ वेळा. तिघांचे १६ वेळा, म्हणजे एका स्वराला ४८ आवाज. मग पुढचा स्वर. मधल्या षड्जापासून तार षड्जापर्यंत कोमल-तीव्र सगळे धरले तर १३ स्वर होतात, आणि एकूण आवाज ६२४. स्टुअर्ट रेकॉर्डिंग सांभाळत होता. नुसत्या या ‘आ’मध्ये तीन आठवडे गेले. प्रत्येक स्वराच्या टेपचं तोंड शेपटाला जोडून मोठं वळं केलं आणि ते मशीनवर फिरत ठेवलं. त्यामुळे स्वर कुठेही न तुटता, श्वास न घेता चालत राहिला. ४८ माणसांना समोर उभं करून असं गायला सांगितलं असतं तर मिनिटभरात अर्धी धापा टाकत बसली असती.

मग हे तेरा स्वर मिक्सिंगच्या टेबलावर मांडले. एका स्वराला एक फेडर, म्हणजे वरखाली सरकणारी पट्टी. वर केली की तो स्वर फुगतो, खाली केली की ओसरतो. चौघंही टेबलावर ओणवे होऊन गाण्याबरोबर त्या पट्ट्या हलवत राहिले, एक कॉर्ड, म्हणजे एकदम लागणाऱ्या स्वरांचा जुडगा, विरत असताना दुसरा वर येत राहिला. पण पट्ट्या अगदी तळाला जाऊ नयेत म्हणून त्यांनी खाली चिकटपट्टी लावून ठेवली होती! म्हणजे तेरा स्वरांपैकी एकही स्वर कधी पूर्ण बंद होत नाही. सगळे सगळा वेळ, अगदी बारीक, मागे चालूच असतात. आज रात्री गाणं लागेल तेव्हा शब्द सोडून द्या आणि गायक दोन ओळींमध्ये थांबतो तिथे कान लावा. तिथे शांतता नाहीये. वर तो ‘नाही’ म्हणतोय आणि खाली ते थांबायला तयार नाही.

तुम्ही ३१ वर्षं शब्द न कळता ऐकलंत आणि तुम्हाला ते प्रेमाचं वाटलं, ते यामुळे. तुमची काही फसगत झालेली नाही. गाणं तुमच्यापर्यंत नीट पोचलं होतं. गोंधळ झाला तो परवा टीव्हीवर शब्द वाचल्यावर.

बाकी गोष्टी थोडक्यात. ढोलढमाका नाही. ड्रमच्या जागी सिंथेसायझरवर काढलेला एक मंद ठोका, छातीत असतो तसा. इलेक्ट्रिक पियानो, थोडी गिटार. सुरुवातीला एक मेजर कॉर्ड जागच्या जागी मायनर होतो, म्हणजे एकच स्वर शुद्धाचा कोमल होतो, आणि बोलणाऱ्याचा धीर सुटल्यासारखं वाटतं. स्टुअर्ट आवाज कुठेही चढवत नाही. ओरडून ‘नाही’ म्हणाला असता तर आपला विश्वास बसला असता. तो पुटपुटतो, माइकच्या अगदी जवळ, जणू फक्त आपल्याला सांगतोय. मऊ गाण्यांची जादू बरीचशी या जवळिकीत असते. हॉलमध्ये हजार माणसं बसलेली असोत, ते एकट्याच्याच कानात पडतं.

आणि मध्येच ती कुजबुज येते, तुमच्या लक्षात आली असेल. सगळं ओसरतं आणि एक बाई हळूच म्हणते, गप्प, मोठी मुलं रडत नाहीत. ती कॅथी रेडफर्न, स्टुडिओची रिसेप्शनिस्ट. काम चालू असताना दार किलकिलं करून ती दबक्या आवाजात सांगायला आली होती की एरिकसाठी फोन आहे. तो आवाज ऐकताच क्रीम उठलाच: हाच पाहिजे! बिचारीला धरून माइकपुढे बसवलं.

याच जागी माझी या गाण्याबद्दल एक तक्रार आहे. ज्या बाईला हे सगळं सांगितलं जातंय, तिला पूर्ण गाण्यात एक शब्दही बोलायला मिळत नाही. फोटोतली ती, जिला फोन करणार ती, जिने मैत्रिणींना सांगायचं नाही ती, मुकी. सहा मिनिटांत बाईचा आवाज येतो तो एवढाच, आणि तोही त्यालाच समजावायला. तिचं काय झालं, तिने किती वाट बघितली, कुणी विचारत नाही. गाण्यात हे खपतं. गाणं सहा मिनिटांनी संपतं आणि आपण भांडी घासायला मोकळे. तुमचं लग्न ३१ वर्षांचं आहे आणि त्यातली ती मुकी बाई तुम्ही आहात. म्हणून गाण्याची बाजू मी घेईन, पण तुमच्या ह्यांची सगळीच घेणार नाही.

त्यांची थोडी बाजू मात्र घेते. ८०च्या आसपास मुंबईला होस्टेलवर राहिलेला मुलगा. लहानपणी ‘मुलींसारखा रडतोस काय’ हे ऐकलेलं असणारच, ते न ऐकता मोठा झालेला त्या वयाचा मराठी पुरुष मला तरी भेटलेला नाही. आता असं बघा, आपल्याकडे गाण्यांत पुरुष बोलायला अजिबात लाजत नाहीत. ‘शुक्रतारा’ घ्या. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, आणि अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा एकमेकांना सगळं सांगून मोकळे. ते गाणं तुमच्या ह्यांनाही येत असणार, अंताक्षरीला म्हणतही असतील. पण रोज रात्री लावायला त्यांनी ते घेतलं नाही. का? माझा अंदाज असा की ते ऐकताना त्यांना वाटत असेल, छान आहे, पण हा मी नव्हे. आणि हा इंग्लंडमधला, डागाची सबब सांगणारा, तोंडातून शब्द न फुटणारा माणूस त्यांना ओळखीचा वाटला. अंदाजच आहे. खरं काय ते त्यांनाच ठाऊक.

कॉलेजातल्या कुणाबद्दल विचारलंत. असेलही. विशीतला मुलगा, हातात असली कॅसेट, आणि मनात कुणीच नाही, असं मी तरी छातीठोक सांगणार नाही. पण असली तरी ती त्यांच्या आयुष्यात किती दिवस होती आणि तुम्ही किती दिवस आहात, याचा हिशेब तुम्हाला माझ्याहून चांगला येतो. ती कॅसेट मुंबईहून निघाली, ती तुमच्या घरात वाजली. तुमच्या मुलीच्या पाळण्याशेजारी वाजली असेल. ओटा आवरून होईपर्यंत थांबून मग गाणं लावणाऱ्या माणसाला ते एकट्याने ऐकायचं असतं तर त्यासाठी हेडफोन मिळतात.

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे अशी पत्रं आली की वाचकांमधल्या काही बायकाच मला लिहितात: कशाला हवेत शब्द, वागण्यातून कळत नाही का? बाकावर काढलेल्या तीन रात्री कमी आहेत का? कमी नाहीत. ज्याने हॉस्पिटलच्या बाकावर पाठ टेकलीय त्याला विचारा. पण तीन रात्री बाकावर झोपणं ही एक गोष्ट आणि एकदा तोंडाने म्हणणं ही दुसरी, आणि तुम्हाला दुसरीही हवी आहे. यात हावरटपणा कुठे आला? पोळी वाढली म्हणून भात मागायचा नाही, असं कुणी म्हणत नाही.

राहिलं ते स्टुअर्टचं म्हणणं, की सारखं म्हटलं की अर्थ जातो. तुमचे हे कदाचित हेच म्हणतील, निदान मनात. त्याला उत्तर सोपं आहे. रोज दहादा म्हणणाऱ्याने ती काळजी करावी. ज्याने ३१ वर्षांत एकदाही काढलेलं नाही त्याचं नाणं झिजायला अजून भरपूर वाव आहे. आणि स्टुअर्टने सारखं म्हटलं नसेल, पण त्यापायी गाणं लिहिलं, ते एकदा पुसलं, पुन्हा उभं केलं, तीन आठवडे माणसांना ‘आ’ करायला लावलं. तुमच्या ह्यांनी दुसऱ्याने केलेली मेहनत नुसती प्ले केली आहे.

पण त्या गोष्टीतल्या ग्लोरियाकडेही बघा. तिने विचारलं होतं. मनात ठेवून झुरत बसली नाही, गाण्यांचे शब्द वाचून पुरावे गोळा करत बसली नाही. सरळ नवऱ्याला म्हणाली, तू हे जास्त वेळा का म्हणत नाहीस? तुमच्या पत्रात सगळं आहे, पण ‘मी त्यांना विचारलं’ हे वाक्य कुठेच नाही. ३१ वर्षांत ते बोलले नाहीत हे खरं, पण तुम्हीही विचारलेलं नाही. त्यांना कदाचित वाटत असेल की हिला सगळं कळलेलंच आहे, गाण्याला मान डोलावते की.

हसं होईल म्हणता. कुणापुढे? तुम्ही इतकी वर्षं चाळीस चाळीस पोरांपुढे उभं राहून प्रेमकविता शिकवल्यात, मागच्या बाकावरची खुसखुस ऐकत. घरातल्या एका माणसापुढे काय होणार आहे?

तर असं करा. गाणं चालू असताना विचारू नका, ते त्यांना आड घेऊन बसायला बरं पडतं. मुलीसमोर नको, आणि ‘मी परवा शब्द वाचले’ अशी सुरुवात तर मुळीच नको, माणूस लगेच आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहतो. सकाळी चहाला बसाल तेव्हा सहज म्हणा, ते गाणं एवढं गाजलं त्यात ६२४ आवाज आहेत म्हणे, ते कसं केलं असेल हो? कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हा प्रश्न टाकलात की टेपचं वळं कसं फिरतं, ताण कसा सांभाळायचा, जोड कसा द्यायचा, सगळं येईल. बोलू द्या. अर्धा तास जाईल, जाऊ द्या. बोलता बोलता ते मोकळे झाले की विचारा, हे गाणं तुम्हाला पहिल्यांदा कुणी ऐकवलं? कॉलेजातली जी कोणी असेल ती इथे आपोआप बाहेर येईल, आणि आली तर शांतपणे ऐकून घ्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या मुलीशी आज भांडता येत नाही.

मग तुमचं. ‘तुमचं माझ्यावर प्रेम आहे का?’ असं विचारू नका. त्याला ‘हा काय प्रश्न झाला?’ हे तयार उत्तर असतं आणि विषय मिटतो. मागणी करा. म्हणा, मला एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय, गाण्यातून नको. एवढंच. कारणं देऊ नका, ऑपरेशनची आठवण काढू नका, ३१चा आकडा तोंडावर फेकू नका.

मुलीला मात्र एक सांगा. लिफ्टमध्ये, हॉटेलात असली गाणी वाजतात कारण ती कानाला बोचत नाहीत. तो गाण्याचा दोष नव्हे, बारीक आवाजात इतकी वर्षं लावून ठेवल्यामुळे लोकांनी ऐकायचं सोडून दिलंय. तिच्या वयाच्या मुलामुलींनी २०१४चा ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ बहुतेक पाहिलेला असतो. त्याची सुरुवात तिला आठवायला सांगा: हॉस्पिटलात आत आई शेवटच्या घटका मोजतेय आणि बाहेर एक लहान मुलगा कानाला हेडफोन लावून बसलाय. तो ऐकतोय ते हेच गाणं. मोठी मुलं रडत नाहीत, हे त्या बाईने ज्याच्या कानात म्हणावं असा तो मुलगा. पुन्हा ती लिफ्टचं नाव काढणार नाही.

तुमच्या ह्यांचं उत्तर लगेच येईल अशी आशा धरू नका. आधी घसा खाकरतील, पेपर उचलतील, नळ ठिबकतोय का ते बघायला उठतील. ‘आता या वयात काय?’ म्हणाले तर ‘या वयातच’ म्हणा आणि बसून राहा. ‘अजून थोडा चहा मिळेल का?’ असं आलं तर चहा टाका, कप हातात द्या, समोर बसा आणि पुन्हा तेच म्हणा.